दुसऱ्या अंकात उठणाऱ्या खुर्च्या

अष्टकोन नाट्यसंस्थेच्या तालमीत दुसऱ्या अंकाच्या बाविसाव्या मिनिटाला चाळीसच्या चाळीस खुर्च्या उठून बाहेर जायच्या, आणि त्या परत आत आणायचं काम शैलजा बिरनाळेच्या गळ्यात पडलं होतं.

खुर्च्या प्लॅस्टिकच्या, पांढऱ्या, मांडववाल्या इक्बाल मुजावरांकडून आणलेल्या. नुसत्या भिंतींसमोर तालीम केली की नटाला प्रेक्षकाची सवय राहत नाही, असं संस्था चालवणाऱ्या रुकडीकर सरांचं म्हणणं. म्हणून मिरजेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी चाळीस रिकाम्या खुर्च्या मांडायच्या आणि त्यांच्यापुढे नाटक करायचं, हा संस्थेचा वीस वर्षांचा शिरस्ता. एवढ्या वर्षांत खुर्च्यांनी कधी तक्रारीला जागा ठेवली नव्हती.

या वर्षीचं स्पर्धेचं नाटक सरांनीच लिहिलं होतं, दिग्दर्शन सरांचं, आणि त्यातल्या निवृत्त न्यायाधीशाचं कामही सरच करत होते. पहिला अंक खुर्च्या नीट बघत. दुसऱ्या अंकात न्यायाधीशाचं चौदा मिनिटांचं स्वगत सुरू होई. त्याचं चौथं पान लागलं की मागच्या रांगेत जराशी खरखर व्हायची, मग एकेक खुर्ची उठायची आणि शिस्तीत, धक्काबुक्की न करता, दारातून मैदानात जाऊन उभी राहायची. नाटक संपलं तरी परत यायचं नाव नाही. मग शैलजाने पदर खोचून दोन-दोन खुर्च्या उचलायच्या आणि आत आणून ठेवायच्या. दिवसभर बँकेत लोकांची कटकट ऐकून यावं आणि संध्याकाळी हे. तिने अगदी हात टेकले होते.

बरं, स्वगत लांबलंय हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. कुबेर मगदूम, म्हणजे नाटकातला वकील, त्या वेळात विंगेत बसून डबा खायचा. पण सांगणार कोण? तीन वर्षांपूर्वी चिंतामणी ऐनापुरेने एका नाटकाचा शेवट जमत नाही असं सरांना तोंडावर सांगितलं होतं. सर तेव्हा हसले, त्याच्या पाठीवर थाप मारली, "असंच मोकळं बोलत जा" म्हणाले, आणि पुढच्या नाटकापासून ऐनापुरेकडे पार्किंग आलं. संस्थेतला सगळ्यात चांगला नट तीन वर्षं फाटकाशी स्कूटरी लावून घेत होता. तेव्हापासून अष्टकोनमध्ये सगळं 'छान' असायचं, आणि अगदीच वाईट झालं तर 'वेगळं' असायचं.

शैलजाला तर तोंड उघडायची सोयच नव्हती. नऊ वर्षं ती प्रॉम्प्टिंग करत होती, म्हणजे दुसऱ्यांची वाक्यं विंगेतून कुजबुजत होती. येत्या मे महिन्यात बालनाट्य बसवायचं होतं आणि ते तिला द्यायचं सरांनी दिवाळीत कबूल केलं होतं. तिचं पहिलं दिग्दर्शन. स्पर्धा आटोपली की बैठकीत नाव जाहीर होणार होतं. तोवर खुर्च्या उचलायच्या आणि गप बसायचं, एवढंच तिने ठरवलं होतं.

सरांनी प्रश्न गांभीर्याने घेतला. आधी मुजावरांना बोलावणं गेलं.

"तुमच्या खुर्च्यांत दोष आहे," सर म्हणाले.

मुजावरांनी एक खुर्ची उलटी करून पाय तपासले. "सर, ह्याच खुर्च्या परवा सकाळी एका सभेला नेल्या होत्या. पाच तास भाषणं झाली. एक हलली नाही बघा."

"मग इथंच का उठतात?"

मुजावरांनी शैलजाकडे बघितलं. शैलजाने वहीकडे बघितलं.

"ते मी काय सांगू," मुजावर म्हणाले. "आपण मांडववाला माणूस. नाटकातलं तुम्हाला कळतं."

मग सरांनी खुर्च्यांची बैठक घेतली. "इथं कुणावर दडपण नाही," ते चाळीस खुर्च्यांना म्हणाले. "मनात असेल ते निर्धास्तपणे बोला. कुणाचं नाव लिहून घेतलं जाणार नाही." शैलजा इतिवृत्त लिहायला बसली होती. सरांनी पाच मिनिटं वाट बघितली. उपस्थितांनी मत दिलं नाही, असं तिने लिहिलं आणि सरांनी खाली सही केली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक खुर्चीवर अभिप्रायाचा एकेक फॉर्म ठेवला. फॉर्म कोरे राहिले. कोरा फॉर्म म्हणजे तक्रार नाही, असा सरांनी त्याचा अर्थ लावला. त्या संध्याकाळी खुर्च्या चौथ्या पानाला फॉर्मसकट उठल्या.

स्पर्धा सहा दिवसांवर आली तेव्हा नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाचं पत्र आलं. आपल्या नाटकाविषयी कानावर आलं आहे, आमच्या खुर्च्या फरशीत नटबोल्टने बसवलेल्या आहेत आणि फरशी नवीन आहे, तरी त्या प्रयोगात उठणार नाहीत अशी लेखी हमी द्यावी, अन्यथा तारीख देता येणार नाही. सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि खिशात घातलं.

"बांधा," ते म्हणाले.

शैलजा आणि मगदूमने खुर्च्यांचे पाय एकमेकींना सुतळीने बांधले. बांधताना शैलजाच्या डोक्यात नुसती तिडीक गेली होती. चौथ्यापासूनची चार पानं खोडली असती तर पेन्सिलीला दोन मिनिटं लागली असती, आणि इथं तीन बंडलं सुतळी संपली.

"आज तुम्ही विंगेत नको, त्यांच्यातच बसा," सरांनी तिला सांगितलं. "लक्ष राहील."

ती पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसली, मांडीवर नाटकाची वही. पहिला अंक चांगला झाला. दुसऱ्यात स्वगत लागलं, आणि तीन पानं सर खरोखर असे बोलले की दरवेळेसारखे तिचे डोळे भरून आले. मग चौथं पान आलं. मागे खरखर झाली. एकमेकींना बांधलेल्या असल्यामुळे खुर्च्या आज सगळ्या एकदम उठल्या, आणि शैलजाची खुर्ची तिला घेऊन उठली.

फार उंच नाही. तिचे पाय अजून फरशीला लागत होते. उतरायचं म्हटलं असतं तर सहज उतरली असती. सर बोलत होते, खुर्च्या दाराकडे वळत होत्या, आणि शैलजाने पाय वर घेतले.

दारात बराच वेळ गेला, कारण बांधलेली रांग तिरकी करून काढावी लागली. मैदानात आल्यावर खुर्च्या थांबल्या. मागोमाग न्यायाधीशाच्या काळ्या कोटात सर आले.

"तुम्ही कशा बाहेर?"

"खुर्चीवर बसले होते, सर."

"उतरता आलं असतं."

मे महिना तिच्या डोळ्यांसमोरून गेला.

"आलं असतं," शैलजा म्हणाली.

मगदूम हात पुसत बाहेर आला आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. मग एकेक करून बाकीचे आले, तेही बसले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"कितव्या ओळीला?" सरांनी विचारलं.

"चौथं पान, तिसरी ओळ. तिथवर मला रोज रडू येतं. तिथून पुढं न्यायाधीश बोलत नाही सर, तुम्ही बोलता. मग मी पानं मोजत बसते."

सर एका रिकाम्या खुर्चीवर टेकले. कोट त्यांना अचानक मोठा दिसायला लागला. "नऊ वर्षं वही तुमच्या हातात आहे. मग हे आजवर बोलला का नाहीत?"

तिचा राग आता तिच्या ताब्यात राहिला नव्हता. "ऐनापुरे कुठाय, सर?"

फाटकाशी ऐनापुरे कुणाची तरी स्कूटर स्टँडवर लावत होता. सरांनी तिकडे बघितलं.

"त्याला आत बोलव," ते मगदूमला म्हणाले. मग शैलजाकडे वळले. "बालनाट्य तुमच्याकडेच आहे. तुम्ही न्याल या खुर्च्या तालमीला?"

'होय' अगदी ओठांवर आलं होतं. पण तिला पाठांतर न झालेली पोरं दिसली, स्वतःच्या डोक्यातले अर्धेकच्चे प्रवेश दिसले, आणि त्यांच्यासमोर मांडलेल्या या चाळीस पांढऱ्या खुर्च्या दिसल्या.

"नेईन," ती म्हणाली. "पण पहिले आठ दिवस नकोत."

सरांनी मान हलवली. आपण स्वतः मात्र त्या पहिल्या दिवसापासून ठेवल्या, असं ते हळूच म्हणाले, आणि ती पानं खोडायला पेन्सिल मागत हात पुढे केला. देता देता पेन्सिल गवतात पडली. सगळे उठून, वाकून ती शोधायला लागले. ती सापडेपर्यंत खुर्च्या आत जाऊन बसल्या होत्या.