दाण्यातलं ऐकणारे आप्पा

आप्पांच्या गळ्यात स्टेथोस्कोप असतो. खराखुरा, डॉक्टरांचा. शिरूरच्या बाजारात त्यांना पहिल्यांदाच पाहणारा माणूस हमखास वाट अडवतो आणि गुडघेदुखी सांगायला लागतो. आप्पा सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि शेवटी विचारतात, "घरात ज्वारी किती हाय?"

कारण ते यंत्र माणसांसाठी नाहीच. पोत्यांसाठी आहे. आप्पांची सगळी नोकरी धान्याच्या गोदामात राखणदार म्हणून गेली. तिथं माणसं कमी आणि किडे जास्त. त्यातला सोंडकिडा त्यांना असा काही आवडला की निवृत्त झाल्यावरही तो सुटला नाही. त्यांचे आजोबा मेंढरं राखायचे, शंभर मेंढरांतलं एक तोंडावरून ओळखायचे. आप्पा किडे ओळखतात. "ह्यो बाप्या, सोंड आखूड आन् जाडी. ही बाई, सोंड लांब, नाजूक. बघा की मॅडम, भिंग घ्या!"

मॅडम म्हणजे मी. शाळेत शिकवते आणि तीन वर्षांपासून त्यांच्या शेजारी राहते.

एकदा माझ्या गव्हाच्या डब्यात किडा निघाला. मी डबा दाराबाहेर आणून चप्पल उचलली, तर शेजारून आप्पा धावत आले. त्यांनी किडा तळहातावर घेतला आणि बोटानं हलकेच टिचकी मारली. किड्यानं पाय पोटाशी घेतले आणि निपचित पडला.

"मेला," मी म्हणाले.

"सोंग हाय! हलू नका कुणी."

जिन्यातली चार माणसं आप्पांच्या हाताभोवती श्वास रोखून उभी राहिली. आत माझं दूध उतू गेलं. वास आला तरी मला तिथून हलवेना. मग एक पाय हलला. मग दुसरा. किडा उठून अंगठ्याकडे चालू लागला आणि आम्ही सगळ्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. "काय इंजिनेरिंग हाय!" आप्पा म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. विहीर, विमान, कशालाही ते असं म्हणत नाहीत. फक्त सोंडकिड्याला.

गेल्या सप्टेंबरात मी मावशीकडे कासुर्डीला निघाले होते. हिरामावशीकडे तिच्या सासूच्या वेळची ज्वारी आहे. गावात आता दुसऱ्या कुणाकडे ते बी उरलेलं नाही. दोन पायल्या बी पत्र्याच्या कोठीत जपून ठेवलं होतं आणि चार दिवसांनी पेरणी होती. हे मी आप्पांना सहज सांगितलं आणि दहा मिनिटांत ते डोक्याला रुमाल बांधून माझ्या स्कूटरपाशी उभे.

न्हावरे, चौफुला करत आम्ही पोचलो. मावशीनं कौतुकानं कोठी उघडून दाखवली. दाणा टपोरा, मोत्यासारखा. एक किडा दिसेल तर शपथ. आप्पांनी पंखा बंद करायला लावला. बाहेरची शेळी लांब बांधायला लावली. मग स्टेथोस्कोप दाण्यांत खुपसून त्यांनी डोळे मिटले.

"खात्यात," ते म्हणाले.

मावशी भडकली. "पावण्या माणसानं माझ्या बियाला नाव ठिवावं व्हय? कुठं हाय किडा? दावा!"

"आत हाय, आक्का. दाण्याच्या आत. बाई सोंडेनं दाण्याला भोक पाडती, एकच अंडं घालती आन् वरनं चिकानं भोक बुजवती. तुम्हाला कळायचं न्हाई, मला बी दिसायचं न्हाई. अळी आतल्या आत दाणा खाऊन वाढती आन् महिन्यानं किडा होऊन भाईर पडती."

मी यंत्र कानाला लावलं. आधी काहीच नाही. मग अगदी बारीक, कागदावरून नख ओढावं तशी खरखर. अंगावर काटा आला. मी ओरडलेच, "मावशी, खरंच कुणीतरी आहे आत!"

मावशीला पटेना. आप्पांनी खिशातून ब्लेड काढलं आणि एक दाणा चिरला. स्वच्छ. दुसरा, स्वच्छ. चौथा, पाचवा, सहावा. मावशीनं हाताची घडी घातली. आप्पांच्या कपाळावर घाम. सातवा दाणा उघडला, तर आत पांढरी, बिनपायांची, गुबगुबीत अळी मुटकुळं करून बसलेली.

"काय इंजि..." आप्पा म्हणायला लागले आणि मावशीचा चेहरा बघून गप्प झाले. ती मटकन खाली बसली होती. "सासूनं माझ्या हातात दिल्यालं बी हाय हे," एवढंच म्हणाली.

आप्पांनी बाह्या वर केल्या. "उठा आक्का. घमेलं आणा, मीठ आणा."

मग जी धांदल उडाली! मिठाच्या पाण्यात आम्ही ओंजळीओंजळीनं बी सोडत होतो. पोखरलेले दाणे हलके, ते तरंगायचे. भरीव तळाशी जायचे. "बुडाला!" मावशी ओरडायची. "बुडाला, ह्यो बी बुडाला!" शेजारणी जमल्या. तरंगलेल्यावर कोंबड्या तुटून पडल्या. बुडालेलं बी दोनदा साध्या पाण्यातून काढून सावलीत वाळत घातलं, तेव्हा ते निम्म्याहून जास्त भरलं. मावशीनं ते तीनदा हातानं चाळून पाहिलं. ठरल्या दिवशी पेरणी झाली.

पंधरा दिवसांनी मावशीनं आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. शेतात हिरव्या ओळी बांधापर्यंत पोचल्या होत्या. आप्पा एकेका ओळीपाशी वाकून बघत होते.

जेवताना मावशीनं विचारलं, "घरी करून कोन घालतं, आप्पा?"

"मीच की."

"आन् मालकीण?"

"जाऊन सा वर्सं झाली. पोरगं गुजरातला असतं, कामाला."

मावशीनं त्यांच्या ताटात कालवण वाढलं. आप्पांनी भाकरी कुस्करली आणि माझ्याकडे वळले. "मॅडम, एक सांगायचं राहिलं तुम्हाला. ह्या सोंडकिड्यातल्या नराला चांगला दाणा घावला का न्हाई, तर त्यो खाता खाता वास सोडतो. आपल्याला येत न्हाई. पर लांबलांबची समदी त्या वासावर गोळा होत्यात." त्यांनी एक घास घेतला. "एवढासा जीव. पर एकटा जेवत न्हाई."

या वेळी ते इंजिनेरिंग म्हणाले नाहीत. मी ताटाकडे बघत बसले. तीन वर्षं भिंतीला भिंत लावून राहतोय आम्ही. त्यांनी माझ्या घरातला प्रत्येक डबा तपासला आहे. मी त्यांना एकदाही जेवायला बोलावलं नव्हतं.

"हुरडा निघाला का फोन करीन," मावशी म्हणाली. "आन् शिरूरला ही हाय की. काय गं?"

"रविवारी या, आप्पा," मी म्हणाले. "दर रविवारी."

आप्पांनी मान हलवली आणि तिसरी भाकरी मागून घेतली. ती त्यांनी फार सावकाश खाल्ली.