वजनात बसायचं आहे

भास्करकाका मावा जिलेबीला हात लावत नाहीत, कारण रविवारी त्यांची बॉक्सिंगची मॅच असते. काका अडुसष्ट वर्षांचे आहेत. आणि ही मॅच फक्त तोंडी होते.

मला असं लिहायची सवय नाही, म्हणून नीट सांगते. काका राजपुऱ्यात आमच्या समोर राहतात. नेपानगरला मिलमध्ये नोकरीला होते, तेव्हा तिथले बॉक्सिंगचे चॅम्पियन. त्यांच्या दहा वर्षं आधीचे चॅम्पियन लक्ष्मणदादा. दादांनी खेळ सोडला तेव्हा काका शाळेत होते, म्हणून दोघांची गाठ रिंगमध्ये कधी पडलीच नाही. आता दादा आमच्याच गल्लीत राहतात, आणि दर रविवारी काकांच्या ओट्यावर तेव्हाचे दादा आणि तेव्हाचे काका लढतात. घंटा म्हणजे ताटलीवर चमचा.

"माझ्या वेळी ग्लव्ह्जमध्ये कापूस असा ठासलेला, की ठोसा म्हणजे वीट!" दादा म्हणतात.

"वीट लागायला माणूस जागेवर पाहिजे ना! तुमच्या वेळचे सगळे खांबासारखे उभे. मी तर नाचू राहिलो असतो."

"नाच ना. लग्नात नाचतात तसा नाच."

नियम कडक आहेत. शनिवारी दोघं केळीच्या व्यापाऱ्याकडच्या काट्यावर उभे राहतात. मागच्या आठवड्यापेक्षा पावशेर जास्त भरला, तो बाद. निंबोल्याला माझ्या मावसबहिणीच्या लग्नात काकांनी दादांच्या ताटातली जिलेबी उचलून परत वाढप्याच्या परातीत टाकली. "आम्हाला वजनात बसायचं आहे!" मुलाकडचे लोक बिचारे विचारत होते, मॅच कुठे आहे म्हणून.

निकाल काकू द्यायच्या. स्वयंपाकघरातूनच ओरडायच्या, "बराबरी!" की झालं, पुढच्या रविवारी परत मॅच. मागच्या महिन्यात काकू लेकीकडे खंडव्याला गेल्या, आणि दादांनी मला पंच केलं. "पोरगी कॉलेजात आहे. आता शिकलेला निकाल लागेल."

माझ्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. असं कोणी म्हटलं की मला परीक्षेला बसल्यासारखं होतं. दोघं काय बोलले ते मी वहीत उतरवून घेतलं, एकेका राउंडचे गुण मांडले, आणि उभी राहून वाचलं, "लक्ष्मणदादा एका गुणाने विजयी."

दादांनी दोन्ही हात वर केले. "लागला बाबा निकाल! संपली मॅच, संपलं ते वजन! जा पोरी, मावा जिलेबी आण. अर्धा किलो!"

काकांचा चेहरा उतरला. मी चप्पल घालून निघाले तर ते कोपऱ्यापर्यंत मागे आले.

"जिलेबी नको आणू."

"काका, मी तुम्हाला हरवायला नको होतं का?"

"हरलो त्याचं काय नाही गं. काटा सुरू केला त्या दिवाळीत दादाची शुगर तीनशेच्या वर गेली होती. वहिनी गेल्यापासून घरात एकटा. डॉक्टरचं ऐकत नाही, माझं ऐकत नाही. फक्त काट्याचं ऐकतो."

"मग तुम्ही का नाही खात?"

"मी खाल्ली तर तो वजनात कशाला बसेल? सहा वर्षं झाली खाऊन. मला फार आवडते गं ती."

मी परत आले. वही उघडली.

"दादा, चूक झाली. दुसऱ्या राउंडमधला तुमचा एक गुण मी दोनदा धरला. बराबरी आहे."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मग काकांकडे, बराच वेळ. काका ताटली पुसत होते. ती स्वच्छच होती.

"कॉलेजात हेच शिकवतात का?" दादा म्हणाले आणि हळूहळू परत खुर्चीत बसले. "शनिवारी आठ वाजता काट्यावर. आणि भास्कर, या वेळी भिंतीला हात न लावता उभा राहा."