नुरिसबाईंच्या खुर्चीची स्वारी

सांतो दोमिंगो शहरी सामायिक मोटारींचा अंमल चालत असता, चालकाशेजारी दोन आणि मागे चार असामी कोंबावे हा त्या दौलतीचा कदीम कायदा असता, नुरिसबाईंची खुर्ची मोटारीत कैसी चढली, तो मजकूर जैसा घडला तैसा कलमबंद केला आहे.

नुरिसबाई चाकांच्या खुर्चीवर स्वार होत. त्यांस शिवणशाळेत शिक्षिकेची नेमणूक मिळाली, आणि पहिल्या दिवशी आठास हजर न जाहल्यास ती दुसरीस जाईल ऐसी सक्त ताकीद आली. चालक संघाचे अध्यक्ष, सरदार प्लुतार्को मातोस, यांनी पूर्वीच फर्मान काढून एका मोटारीच्या दारावर खुर्चीचे चित्र रंगविले होते, आणि फीत कापून, भाषण करून, अपंगांची अडचण कायमची दूर जाहली म्हणून डंका पिटला होता.

त्या सकाळी तीच मोटार नाक्यावर आली. पुढील दोन्ही जागा व्यापून खासे सरदार विराजमान होते. चालक एउदोमार याने नुरिसबाईंस उचलून मागे बसविले, आणि मग खुर्चीसाठी डिकी उघडली, तो आत गॅसची टाकी ठाण मांडून बसलेली! तिकडील मोटारी गॅसवरच धावतात, हे चित्र रंगवितेवेळी कोणाच्या ध्यानीच आले नाही. मग छतावर चढाई केली, दोर नाही म्हणून माघार घेतली. मग मागील उतारूंच्या मांड्यांचा आसरा पाहिला, तो तेथे केळ्यांच्या पिशव्यांनी आधीच मोर्चे धरलेले.

सरदारांनी हुकूम फर्माविला की खुर्ची येथेच ठेवून कूच करावे.

तेव्हा मागून केळीवाल्या इदालियाकाकी कडाडल्या, "आणि शाळेत पोचल्यावर ती काय दारावरच्या चित्रात बसणार? उतर खाली, भाषणवाल्या!"

"अहो बाई, मी अध्यक्ष आहे!"

"असशील. पण तुझी घडी होते का? खुर्चीची होते."

मोटारीत हशा पिकला. नुरिसबाई मात्र हसल्या नाहीत; म्हणाल्या, "दादा, मला आठाच्या आत पोचायचंय. ती खुर्ची नसेल तर दारातनं आतसुद्धा जाता येणार नाही."

एउदोमारने पुढले दार उघडून धरले. "उतरा साहेब. मागनं येईल की दुसरी गाडी."

मग सरदार पायउतार जाहले, आणि घडी केलेली खुर्ची त्यांच्या आसनी स्थानापन्न होऊन, पट्टा बांधून, मोठ्या इतमामाने रवाना जाहली. आणि नुरिसबाई आठापूर्वी वर्गात दाखल जाहल्या.

येणेप्रमाणे पुढील आसन खुर्चीने फत्ते केले. सरदार नाक्यावर हात करीत उभे राहिले. मोटारी भरभरून येत आणि न थांबता जात. ते मुक्कामी कधी पोचले, हे बखरीस ठाऊक नाही.