तात्यारावांनी दाबलेली कळ

जिंतूरच्या खरेदी-विक्री संघात पंखा एकच, आणि त्र्याहत्तर सालापर्यंत तो तात्यारावांच्या डोक्यावर फिरत होता. इंग्रजी टाइपरायटर चालवणारा संघात हा एकच माणूस. म्हणून मान, म्हणून पंखा. मग मराठी मशीन आलं, त्याच्यामागं परभणीला टायपिंग शिकलेली सत्यशीला आली, आणि व्यवस्थापक व्यंकटराव साहेबांनी तिचं टेबल पंख्याखाली लावलं. तात्याराव गेले खिडकीपाशी, उन्हात.

झालं! तेव्हापासून त्यांच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना. पोरगी मान न वळवता, हातानं लिहिलेल्या कागदावर नजर ठेवून झराझरा टाइप करायची. सरकी न्यायला आलेली माणसंसुद्धा बघत उभी राहायची. "लय हुशार हाय बाई!" म्हणायची. तात्यारावांकडं कुणी ढुंकूनही बघेना.

अशात संघाचे अध्यक्ष माणिकराव भेटीला येणार असं ठरलं. मानपत्र सत्यशीला टाइप करणार, साहेब वाचणार. जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली तसे तात्याराव हळूच तिच्या मशीनपाशी आले. त्यांच्या इंग्रजी मशीनवर शिफ्टची कळ अडकवली की सगळी अक्षरं मोठी उमटत. इथंही तसंच होईल, मानपत्र कागदावर मावणार नाही आणि साहेब बाईला झापतील, असा त्यांचा बेत. त्यांनी कळ दाबून अडकवली.

"काय करायलाव, तात्या?" शिपाई आश्रुबानं दारातून विचारलं.

"धूळ झटकायलोय!"

आता मराठीत मोठी-लहान अक्षरं असतात कुठं? त्या मशीनवर शिफ्ट दाबली की भलतंच अक्षर उमटतं. पण रागानं त्या मशीनकडं पाठ फिरवून बसलेल्या तात्यारावांना ते कोण सांगणार! सत्यशीला आली आणि नेहमीसारखी टाइप करत सुटली. शेवटची ओळ संपते न संपते तोच जीपचा हॉर्न वाजला. आश्रुबानं कागद ओढला आणि पळत जाऊन साहेबांच्या हातात दिला.

हार-तुरे झाले. साहेब वाचायला उभे राहिले आणि त्यांचा चेहराच पडला. कुठं अर्धं अक्षर, कुठं आकडा, कुठं नुसतीच वेलांटी.

"माझा चष्मा घरी राहिलाय. तात्याराव, तुमी वाचा."

चष्मा साहेबांच्या नाकावरच होता.

तात्यारावांनी कागद बघितला आणि त्यांना दरदरून घाम फुटला. वाचता येत नाही म्हणावं तर मशीन तपासणार, आणि आश्रुबा तर समोरच उभा! नोकरीच जायची. मग काय, कागदावर नजर रोखून ते सुचेल ते बोलत सुटले. माणिकरावांची दिलदारी झाली, दुष्काळात त्यांनी गावाला दिलेला आधार झाला, त्यांच्या आईचे कष्टही झाले. आयुष्यात एवढं चांगलं ते कधी बोलले नव्हते.

"वा! डोळ्यात पाणी आणलंव राव," माणिकराव उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले. "कुणी केलं हे मानपत्र?"

तात्यारावांची छाती फुगली. ते तोंड उघडणार इतक्यात साहेब म्हणाले, "आमच्या सत्यशीलाबाईनं!"

"मंग ते इंग्रजी मशीन कशाला ठिवलंय? समदा कारभार मराठीतच करा. अन् ह्यांना बी शिकवा की बाईकडून," माणिकराव तात्यारावांकडं बघत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तात्याराव पुन्हा पंख्याखाली बसले. सत्यशीलाच्या शेजारी, स्टुलावर. पंखा गरगर फिरत होता तरी मानेवरून घाम निथळत होता.

"काका, पहिला धडा," सत्यशीलानं शिफ्टच्या कळीकडं बोट दाखवलं. "ही कळ उगीच अडकवून ठेवायची न्हाई. धूळ झटकताना बी."