कापसाचा कोट

टेलरमास्तरांच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. मुलगी सासरी गेली, पण भाड्याच्या घरात कुत्रं चालणार नाही असं मालकानं बजावलं, म्हणून तिचा कापूस मास्तरांकडेच राहिला. कापूस म्हणजे पांढरा पॉमेरेनियन. जीव उशीएवढा, पण तोरा असा की दुकान त्यानंच काढलंय आणि मास्तर पगारावर आहेत. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकावर तो भुंके. गिऱ्हाईक धिप्पाड असेल तर जास्तच. बाकी सगळा वेळ मशीनखाली मास्तरांच्या पावलावर हनुवटी टेकून पडलेला असे. मास्तर न्हाणीघरात गेले तर बाहेर बसून असा गळा काढी, की शेजारचे विचारायला येत.

मुलीचा फोन आला की मास्तर कुरकुर सुरू करत. "तुझ्या साहेबांनी आज परत गिऱ्हाईक पळवलं. कान किटले माझे. कधी नेतेस याला?" आणि फोन ठेवला की, "इकडे या, साहेब," म्हणून त्याला मांडीवर घेत.

मुलीला पहिला भाग तेवढा ऐकू यायचा. एके दिवशी तिचा आनंदानं भरलेला फोन आला. "बाबा, दुसरं घर मिळालं! इथे कुत्रं चालतं. रविवारी येतो आम्ही कापसाला न्यायला. सुटलात एकदाचे!"

"बरं," मास्तर म्हणाले. मग मशीनवर बसले आणि एका पँटचे दोन्ही खिसे तोंडाशी शिवून बंद करून टाकले.

बायकोनं ते पाहिलं. "अहो, मग सांगा ना तिला, नको नेऊ म्हणून."

"मी? कुत्र्यासाठी पोरीपुढे पदर पसरू?"

"पदर माझ्याकडे आहे. तुम्ही नुसतं तोंड उघडा."

पण तोंड उघडायचं तेवढं मास्तरांना कधी जमलं नव्हतं. न्यायचंच असेल तर नेऊ दे, पण नीटनेटका जाऊ दे, बापानं आबाळ केली असं नको व्हायला, असं म्हणून त्यांनी कंगवा घेतला. आणि तिथेच घोळ झाला. रोज केस विंचरायचे, असं मुलगी सांगून गेली होती. पण शाळांच्या गणवेशांची घाई आली तसा कंगवा फळीवर गेला तो गेलाच. वरून कापूस छान फुललेला दिसे. आत डाव्या बगलेपाशी मात्र केसांची लिंबाएवढी जट झाली होती. कंगवा तिला लागताच कापसानं आख्ख्या गल्लीला कळवलं.

"कापून टाकतो," मास्तर म्हणाले. "एक कात्री मारायची."

एक कात्री मारली. जट निघाली आणि तिथे खड्डा पडला. दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. पण मास्तरांचं सारं आयुष्य डावं-उजवं सारखं करण्यात गेलेलं. एक बाही बोटभर आखूड दिसली तर त्यांना जेवण जात नसे. त्यांनी उजवीकडेही तेवढेच केस उतरवले.

"आता उजवीकडे जास्त गेले," बायको म्हणाली. तिनं कापसाला धरलं होतं.

"हलला तो! कापड कसं, टाकलं की पडून राहतं."

"मग खडूनं खूण करून घ्या."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, निळ्या खडूनं कापसाच्या पाठीवर सरळ रेघ ओढली आणि डावीकडची बाजू रेघेला आणली. तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं. कापूस उसळला, कात्री मानेपर्यंत गेली. मग मानेला जुळवायला छाती, छातीला जुळवायला पोट. शेपूट तेवढी तशीच ठेवावी असं बायकोचं मत पडलं. पण ती आता अंगाला शोभेना. गिऱ्हाईक आपली पँट घेऊन गुपचूप निघून गेलं. तीच ती पँट, खिसे बंद असलेली.

शेवटी मेजावर केसांचा ढीग उरला आणि ढिगाच्या मधोमध एक गुलाबीसर, बारक्या पायांचा, डोळे वटारलेला प्राणी. तो उडी मारून खाली उतरला, कपडे घालून बघायच्या आरशासमोर गेला आणि समोरच्या परक्या कुत्र्यावर जीव खाऊन भुंकायला लागला.

"चला, आवाज तरी तोच आहे," बायको म्हणाली.

मास्तरांचं तोंड उतरलं. त्यांनी कापसाला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"हे कुणी केलं?" बाईंनी विचारलं.

"लेव्हल करत होतो."

बाईंनी कपाळाला हात लावला. "काका, या जातीचे केस दुहेरी असतात. आत लोकर, वर लांब केस. उन्हाळ्यात ऊन आणि थंडीत गारठा, दोन्ही तेच अडवतात. ते असे मुळापासून कापायचे नसतात. परत यायला वर्षसुद्धा लागेल, काहींना नीट येतही नाहीत. तोवर याला उन्हात नेऊ नका, अंगात काहीतरी सुती घाला. आणि एकटं ठेवू नका. ही माणसाला चिकटून राहणारी जात आहे."

"अंगात काहीतरी," मास्तर पुटपुटले. त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

रविवारी मुलगी आणि जावई आले. दारात तिच्या पायांवर उड्या मारणारा प्राणी पाहून मुलगी दचकली. "हा कोण?" मग तिनं आवाज ओळखला आणि मटकन खाली बसली. "बाबा! काय केलंत हे?"

मास्तरांनी कात्रीपासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळं सांगितलं. मुलगी आधी रडली, मग खडूची निळी रेघ अजून पुसटशी दिसत होती ती पाहून हसली. "जाऊ दे. येतील केस. द्या त्याला, आम्ही सांभाळू."

"दिवसभर कोण असतं घरी?" बायकोनं विचारलं.

मुलीनं जावयाकडे पाहिलं, जावयानं छताकडे. दोघंही सकाळी कामाला जात.

"नेणार असशील तर ने," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "पण कोट होऊ दे. उघडा कसा नेशील? अस्तर लावलंय, खांदा तेवढा बसत नाहीये."

"कुत्र्याला खांदा कुठे असतो, बाबा?"

"म्हणूनच बसत नाही. पुढच्या रविवारी ये."

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. लहानपणापासून याच दुकानात ती हे ऐकत आली होती. कुठल्या गिऱ्हाइकाला पुढच्या रविवारी कपडा मिळाल्याचं तिला आठवत नव्हतं. मशीनखाली कापूस मास्तरांच्या पावलावर हनुवटी टेकून घोरत होता.

"नक्की पुढच्या रविवारी?" तिनं विचारलं.

"शब्द आहे माझा."

"मग घाई करू नका," ती म्हणाली, आणि आईला मिठी मारून निघाली.

पुढच्या रविवारी काजं राहिली होती. त्यानंतर बटणं मनासारखी मिळेनात. मग कापसाचे केस यायला लागले, माप बदललं, कोट उसवावा लागला. मुलगी फोनवर आधी हेच विचारायची, "झाला का हो कोट?" आणि मास्तर म्हणायचे, "ट्रायलला आलाय." वर्षभरात केस पहिल्यासारखे फुलले. तोवर साध्या सुती बंड्यांवरच भागलं. त्या बायकोनं शिवल्या होत्या, एका दुपारीत.

मुलगी दर महिन्याला येऊन त्याला विंचरून जाई. पुढे तिची मुलगीही तिच्याबरोबर येऊ लागली. ती नात शाळेत जायला लागली त्या वर्षी, थंडीच्या अखेरीस, एका दुपारी कापूस मशीनखाली झोपेतच गेला. पुरता म्हातारा होऊन गेला.