पहिला सभासद

महिनाअखेरपर्यंत गावातली शंभर माणसं कंपनीच्या नव्या ‘शेजार’ ॲपवर आली नाहीत, तर किशोरीला पुण्याच्या ऑफिसात परत जावं लागणार होतं. म्हणजे दहा महिन्यांची संचिता पाळणाघरात, सुशांत इथे काजूच्या बागेत आणि सासूबाई रिकाम्या पाळण्याकडे बघत. आतापर्यंत आलेली माणसं दोन होती. ती आणि सुशांत.

ॲप तसं सोपं होतं. ओरोसला कोण चाललंय, मासे कुणाकडे ताजे आहेत, कुणाची म्हैस कुणाच्या परड्यात शिरलीय, हे त्यावर टाकायचं. ‘जवळ कोण आहे’ हे बटण दाबलं की आसपासच्या सभासदांचे हिरवे ठिपके दिसायचे, आणि कुणी अगदी जवळ आलं की फोन आपणहून वाजून नाव सांगायचा. लोक अंगणात येत, चहा पीत, ॲप बघत आणि “बगूया” म्हणून निघून जात.

“सगळेच बगूया म्हणतत. पयलो कोण येतलो?” यशोदाबाईंनी एकदा सुनेला विचारलं. “गो, तू राखणदाराक सांगलंस? तेका सांगल्याशिवाय हय कोण बावडी खणना नाय, आणि तू अख्खो गाव फोनात घालूक बगतंस.”

कुणाला न दिसता गावाच्या वेशी राखत फिरणारा देव, तो राखणदार. किशोरीला हसू आलं, पण सासूबाईंच्या शब्दाला मान म्हणून तिनं सुशांतच्या जुन्या फोनवरून एक खातं उघडलं. नाव, राखणदार. फोटोच्या जागी नारळ. मग तो फोन संचिताच्या हातात खेळायला गेला आणि खात्याचा विषय किशोरीच्या डोक्यातून गेला.

तिन्हीसांजेला संचिता किरकिर करायची. यशोदाबाई तिला कडेवर घेऊन वाडीभर फिरवून आणायच्या. संचिताच्या मुठीत तो फोन असायचाच.

पलीकडच्या घरातल्या गुरुप्रसादनं किशोरीच्या भिडेखातर ॲप घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी तो पांढराफटक होऊन आला.

“वयनी, काल सांजेक मी कुंपणाचो खुंटो जरासो पलीकडे सरकवी होतंय. फोन वाजलो. बगतंय तर, राखणदार तुमच्या अगदी जवळ आहेत.”

“मग?”

“मग काय? खुंटो होतो थंय ठोकलंय. वर आणि हातभर आमचीच जागा सोडलंय.”

किशोरी खरं सांगणार होती, पण गुरुप्रसाद तोवर तेच सांगायला पुढच्या घरी पोचला होता. संध्याकाळपर्यंत माणसं फोन घेऊन तिच्या अंगणात उभी. राखणदार नेमका कुठे आहे, हे आधी कळलेलं बरं, असं सगळ्यांचं मत पडलं.

जानकीनं शेजारणीच्या माडाखालून उचललेला नारळ परत नेऊन ठेवला आणि ठिपका पुढे जाईपर्यंत हात जोडून उभी राहिली. बाबू मेस्त्री गुत्त्याकडे जाताना ठिपका चुकवत बांधाबांधानं जायला लागला. एकदा ठिपका समोरूनच आला, तेव्हा वाटेत भेटलेल्या यशोदाबाईंना त्यानं घरापर्यंत सोबत मागितली.

“काकी, तुमी भेटलात म्हणान बरा. तो हयच खंयतरी आसा.”

“आसतलो,” यशोदाबाई म्हणाल्या. त्यांच्या कडेवर पोर होती आणि पोरीच्या हातात राखणदार.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी पुण्याच्या ऑफिसातून तिच्या वरिष्ठ विनीता मॅडमचा फोन आला. “किशोरी, शंभर झाले गं. पण ते राखणदार नावाचं खातं तुमच्याच घरच्या फोनवर आहे. ते धरता येणार नाही. काढून टाक.”

“मग नव्व्याण्णव राहतील, मॅडम.”

“उद्यापर्यंत आण की एक.”

आणणार कुठून? गावात ज्याच्याकडे धड फोन होता, तो केव्हाच आला होता. किशोरीनं हात जोडून ते खातं काढलं, फोन बंद केला आणि कपाटात ठेवला. मग झोपलेल्या संचिताच्या दुपट्यांची ती घडी घालत बसली. पुण्याला किती लागतील, याचा अंदाज घेत.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला तिनं सहज ॲप उघडलं. सभासद, शंभर. तिनं ‘जवळ कोण आहे’ दाबलं. पाणंदीच्या वळणावर एक हिरवा ठिपका होता आणि सावकाश घराकडे येत होता. सासूबाई तर इथेच आमसुलं निवडत बसल्या होत्या. संचिता पाळण्यात होती. कपाटाला कुलूप होतं.

“आई,” ती कशीबशी म्हणाली, “मी तर तेंका काढून टाकलंय.”

“तू काढलंस म्हणान तो खंय जातलो?” यशोदाबाईंनी आमसुलांवरची नजर काढली नाही. “हयचोच मां तो.”

तेवढ्यात फोन वाजला. विनीता मॅडम खुशीत होत्या. “अभिनंदन. तुझं तिथलं काम पक्कं. शंभरावे राखणदार काका आज स्वतःहून आले. मी लगेच ॲपवरून फोन लावून खात्री केली. आडनाव छान आहे हं.”

“तुम्ही बोललात त्यांच्याशी?”

“बोलले तर. आवाज जरा खोल येत होता, पण माणूस मायाळू. म्हणाले, सुनेला इथेच राहू द्या. रोज संध्याकाळी पोरीबरोबर फिरायची सवय झालीय.”

किशोरीनं फोन कानापासून दूर धरून स्क्रीनवर पाहिलं. ठिपका अंगणात आला होता. यशोदाबाईंनी डोक्यावरून पदर घेतला आणि आमसुलांचं सूप वाटेतून बाजूला सारलं.

“त्यांचा नंबर मात्र उमटलाच नाही माझ्याकडे,” मॅडम म्हणाल्या. “जवळपास असतील, तर देतेस त्यांना फोन?”

“देते,” किशोरी म्हणाली. तिनं स्पीकर लावून फोन अलगद उंबऱ्यावर ठेवला, पाळण्यातून संचिताला उचललं आणि मागे सरकली.

पलीकडून विनीता मॅडम म्हणाल्या, “नमस्कार काका,” आणि जरा थांबून, मनापासून हसल्या.