बापाचे मणी, पोराचे मणी

भास्कर सरांचा निरोगी माणूस विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी सकाळीच आजारी होऊन घरी आला, आणि येताना खाली लाल गोंडा लावून आला.

"बायडाबाई, हे काय केलंत तुम्ही?" सर ओरडले.

बायडाबाई दारात उभ्या होत्या. दोन्ही हातांत मण्यांच्या दोन लांबलचक माळा, आणि चेहऱ्यावर कौतुकाची वाट बघणारं हसू. "काय केलं म्हंजे? दोन्ही एकसारखे करी दिले. गोंडे माझ्याकडून."

सरांनी कपाळाला हात लावला. त्यांना माळा एकसारख्या नको होत्या, हीच तर सगळी भानगड होती.

सर मूळचे चिपळूणचे. सिल्वासाच्या शाळेत विज्ञान शिकवता शिकवता केस पिकायला आले, पण सुरतेच्या पलीकडचं जग त्यांनी पाहिलं नव्हतं. यंदा प्रदर्शनातलं पहिलं मॉडेल दिल्लीला जाणार होतं, मॉडेलबरोबर शिक्षकही. आपलीच निवड होणार हे सरांनी आधीच गृहीत धरलं होतं आणि हेडमास्तरांपासून ते राहत त्या आमली भागातल्या किराणावाल्यापर्यंत सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. एका शेजाऱ्याने तर दिल्लीहून पेठा आणायला सांगितला होता. आता जाणं झालं नसतं, तर आमलीतून मान वर करून चालायची सोय राहिली नसती.

मॉडेलही साधंसुधं नव्हतं. नुकतंच एका मासिकात त्यांनी वाचलं होतं की माणसाच्या डीएनएमध्ये चारच अक्षरं असतात आणि काही ठिकाणी तीन अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येत राहतो. थोडा वेळ आला तर माणूस ठणठणीत. वाजवीपेक्षा जास्त आला, की ऐन चाळिशीत हातपाय आपल्या मनाने हलायला लागतात, पुढे डोकंही साथ सोडतं. हंटिंग्टनचा आजार म्हणतात त्याला. सरांनी चार अक्षरांना चार रंग दिले. निरोग्याच्या माळेत लाल-पिवळा-हिरवा थोडा वेळ, मग रंग वेडेवाकडे. आजाऱ्याच्या माळेत लाल-पिवळा-हिरवा संपता संपत नाही.

ओवायला त्यांच्याच चाळीतल्या बायडाबाईंशिवाय दुसरं कोण? त्यांचा नवरा सुकदेव मसाटच्या प्लॅस्टिकच्या कारखान्यात होता, मणी तिथूनच येत, आणि चाळीतलं एक दार त्यांच्या तोरणावाचून राहिलं नव्हतं.

"तुमच्या कागदावर एका तोरणाची नक्षी मधेच बिघडेल होती," बायडाबाई समजावून सांगू लागल्या. "मी म्हटलं, पेपर तपासता तपासता सर चुकले असतील. मी सुधरी दिली."

"अहो, ती चूक नव्हती! तोच निरोगी माणूस होता!"

"तो? ज्याच्या रंगाला काही ताळतंत्र नाही, तो निरोगी?"

"अहो, जरा हळू," सरांच्या पत्नी विजयाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तुमचेच हात हलायला लागलेत."

नव्याने ओवायला वेळ नव्हता. सर दोन्ही आजारी माळा पिशवीत कोंबून निघाले आणि प्रदर्शनाच्या मंडपात पोचता पोचता त्यांना एकदम सुचलं. हा आजार बापाकडून मुलाकडे जाताना तो तुकडा बहुतेक वेळा वाढत जातो! म्हणजे निरोगी हवाच कशाला? एक बाप, एक मुलगा! त्यांनी एका माळेचा तुकडा कापून डब्यात टाकला, गाठ मारली, गोंडा पुन्हा बांधला. बाप आखूड, मुलगा लांब. सरांची कळी खुलली.

"हा बाप," जमलेल्या लोकांना ते खणखणीत आवाजात सांगू लागले. "याला आजार उशिरा झाला. आणि हा मुलगा. याच्यात मणी वाढले, म्हणून याला लवकर आणि जोराचा!"

बायडाबाई आपली तोरणं बघायला मुद्दाम आल्या होत्या. हे ऐकून त्यांचं तोंड उतरलं. तेवढ्यात हेडमास्तरांनी सरांना पाहुण्यांच्या स्वागताला बोलावलं.

सर परत आले ते परीक्षक डॉक्टर नलिनीबाईंना घेऊनच. "हा बाप, हा मुलगा," त्यांनी माळांकडे न बघताच छडी फिरवली. "पाहा, पुढच्या पिढीत मणी कसे वाढलेत!"

डॉक्टरबाई वाकून बघू लागल्या. "सर, वाढलेत कुठे? कमी झालेत."

सरांनी वळून पाहिलं. बाप जमिनीला टेकला होता. मुलगा वीतभर उरला होता. गोंडे मात्र दोघांचेही जागच्या जागी.

"मी केलं ते. पोराचे मणी काढी बापाला ओवी दिले," गर्दीतून बायडाबाई पुढे आल्या. "बापाचं दुखणं पोराच्या गळ्यात, अन् वर अजून वाढी दिलेलं? माझ्या हातचं तोरण आहे ते, बाई. बाप सोसेल काय सोसायचं ते. पोरगं मोकळं राहू द्या."

सरांना धरणी दुभंगावी असं झालं. डॉक्टरबाई मात्र विचारात पडल्या. "क्वचित असंही होतं. मुलात तुकडा कमी होतो. सर, तुम्ही अपवाद दाखवलात? कमाल आहे!"

"म्हणजे काय," सर घाम पुसत म्हणाले, "तोच तर मुद्दा होता."

निवड झाली. जाता जाता डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "दिल्लीला मात्र नेहमीचं दाखवा हं. अपवाद घेऊन गेलात तर हात हलवत परत याल."

संध्याकाळी सर मुलाची माळ पुन्हा लांब करून घ्यायला बायडाबाईंकडे गेले. बायडाबाईंनी चक्क दार लावून घेतलं. शेजारच्या शैलजाबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "दिवेलागणीला असलं काही नको बाई." विजयाबाईंनी मानसुद्धा वर केली नाही. "मला सांगू नका. मी पोराची आई आहे."

"अगं, प्लॅस्टिकचे मणी आहेत ते!" सर कडाडले आणि स्वतःच सुई घेऊन बसले. अर्धे मणी कॉटखाली गेले. एवढ्यात हर्षल खेळून आला आणि धुळीच्या पायांनीच बापाला चिकटून बसला.

"बाबा, हा लांब तुम्ही ना?"

"कोणी नाही रे. मॉडेल आहे."

"मग हा छोटा मी," हर्षल म्हणाला. "आता माझ्यात किती घालणार?"

सरांच्या सुईच्या टोकावर लाल मणी आला होता. त्यांनी तो काढून डब्यात टाकला आणि डब्याचं झाकण लावलं.

दिल्लीत थंडीने कुडकुडत सर मॉडेलपाशी उभे राहिले. जाड चष्म्याचे एक प्राध्यापक आले, माळा बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मास्टरजी, ज़्यादातर तो उल्टा होता है। बेटे में बढ़ता है। आपने घटा क्यों दिया?"

बक्षीस तिथेच गेलं, हे सरांना कळलं. तरी ते ताठ उभे राहिले.

"साहब," ते म्हणाले, "हमारे सिल्वासा में ऐसाच होता है।"